कळी पडेना

देवाला कौल द्यायचा नसला म्हणजे तो देत नाही, आणि का देत नाही हे सांगायला तो काही बांधलेला नाही. शेवंतीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि सकाळपासून सातविणीखाली उभं राहून एका दगडाच्या तोंडाकडे बघत बसणं वेगळं. गुरवाने पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवल्या होत्या. उजवी पडली की गाव घरी, डावी पडली की अजून एक रात्र बाहेर. इथे उजवी नाही आणि डावीही नाही. दोन्ही कळ्या डिंक लावल्यासारख्या बसून होत्या. “पड गे बाये एकदाची,” ती पुटपुटली. तिला खरं तर याहून वाईट काहीतरी म्हणायचं होतं, पण देवाला शिव्या देऊ नयेत म्हणून ते तिने मनातच म्हटलं.

बाहेरच्या माणसाला गावपळण सांगितली की तो हसतो. हसो बापडा. देवखोल गाव सह्याद्रीच्या कड्याखाली, ओंजळीत धरल्यासारखा. मागे उभा कातळ, मधे भाताचे कोपरे आणि काजूच्या बागा, खाली व्हाळ, म्हणजे ओढा. हा व्हाळ म्हणजे गावाची सीमा. दर पाच वर्षांनी, भात झोडून झालं की देव दिवस ठरवून देतो, आणि त्या दिवशी अख्खा गाव साकवावरून व्हाळ ओलांडून समोरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, येतो. माणसं येतात, गुरं येतात, कोंबड्या टोपल्यांतून येतात, कुत्री आपली आपण येतात. झावळांच्या खोपी घालायच्या, तीन रात्री तिथे काढायच्या. तेवढ्या दिवसांत गावात जितं असं काही राहता कामा नये. चौथ्या दिवशी सीमेच्या पाषाणाला कौल लावायचा आणि घरी जायचं. का, ते कोणी विचारत नाही. विचारलंच तर दहा जण दहा कारणं सांगतात आणि शेवटी आपसांत भांडतात.

पोरांना तर ही दिवाळीच. सड्यावर मोबाइलला रेंज येते, जी गावात औषधालाही नाही. बायकांनाही बरं वाटतं. शेजारी शेजारी चुली, रात्री फुगड्या, दशावतारातली सोंगं. शेवंतीनेही एरवी मजा केली असती. पण यंदा तिचं घर रिकामं नव्हतं. घरात तिचा सासरा होता.

भिकाजी गावडे, नव्वदीला टेकलेला. चार वर्षांपूर्वी पाटाच्या शेवाळावर घसरला आणि मांडीचं हाड गेलं. त्याला सावंतवाडीच्या इस्पितळात रिक्षातून नेला तेव्हा वाटेतल्या प्रत्येक दगडाला तो ओरडला होता. परत आला तो मागच्या खोलीतच आला आणि तिथेच राहिला. कुल्ल्यावर सरकत चुलीपर्यंत आणि न्हाणीपर्यंत जाई, तेवढंच. तर गावपळणीच्या सकाळी शेवंती त्याच्यासमोर उभी राहिली.

“बाबा, रिक्षावालो बाळा दारात गाडी लावता. दोघा उचलून बसवतलंव. घटकाभराचा काम.”

“मी येवचंय नाय.”

“अवो, गावपळण आसा.”

“ती जित्या माणसांची. माका कोण धरता जित्यात? तू जा.”

तिने समजावलं. मग रागावली. मग रडलीसुद्धा. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. हा गावडे घराण्याचा हेका. नवऱ्यात थोडा कमी उतरलाय एवढंच. नवरा मुंबईला, त्याला रजा नाही. बाहेर ढोल वाजत होता, म्हैस दावं ओढत होती, काजूच्या बागेतून माणसं उतरायला लागली होती. शेवटी तिने हात टेकले. तीन दिवस पुरेल एवढा उकड्या तांदळाचा भात, भाकऱ्या, केळी, लोणचं, दोन कळश्या पाणी आणि सोबतीला एक बालदी असं सगळं त्याच्या हाताशी ठेवलं. “चूल पेटवू नकात,” तिने बजावलं. “धूर दिसलो तर माझी शोभा होतली.” आणि दार लोटून निघाली.

वाटेत कोणी विचारलं तर काय सांगायचं ते तिने पक्कं करून ठेवलं होतं. नणंदेकडे, सावंतवाडीला धाडलाय. कधी धाडला, तर परवा. कशातून, तर बाळाच्या नव्हे, भाड्याच्या गाडीतून. सगळी उत्तरं तयार. बाळाला फक्त “रिक्षा नको आता” म्हणाली. “बरा,” बाळा म्हणाला आणि कोंबड्यांच्या टोपल्या भरायला गेला. साकवावर गंगाराम गावकर उभा होता, त्याने तिच्या म्हशीकडे बघून मान हलवली. खोपी घालताना शेजारीण हौसाबाईने तिला झावळं धरायला मदत केली आणि सुनेच्या आळसाबद्दल तासभर सांगितलं. पहिली रात्र गेली, दुसरी गेली. शेवंतीचं उत्तर जिभेवर तसंच राहिलं. तेव्हा तिला वाटलं, बरं झालं, सुटले.

सड्यावरून तिचं घर दिसे. फणसाच्या मागे कौलांचा एक कोपरा. येता-जाता तिचे डोळे तिकडेच. पण चूल पेटवू नका म्हणून तिनेच सांगितलेलं, तर धूर तरी कुठून दिसणार? धूर नाही म्हणजे म्हातारा शहाण्यासारखा वागतोय, की पडलाय, की गेला? काय समजायचं? स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतली होती बाईने.

तिसरी रात्र संपली आणि चौथ्या दिवशी हा असा दगड रुसून बसला.

गंगाराम गावकर म्हणजे गावाचा पहिला मानकरी. भिकाजी पडल्यापासून देवाला गाऱ्हाणंही, म्हणजे गावाच्या वतीने मागणंही, तोच घालतो. तो घालतो म्हणजे काय, अर्धं गिळतो आणि उरलेलं मिशीत बोलतो. भिकाजीने गाऱ्हाणं घातलं की कड्यावरून आवाज परत येई. गंगारामचं पाषाणापर्यंत तरी पोचतं की नाही, शंका होती. दुपार झाली तेव्हा त्याने धोतर सावरलं आणि सगळ्यांकडे वळून बघितलं.

“कोणाचा काय जिता भितूर रवलाहा तर आताच सांगा,” तो म्हणाला. “मगे सांगून उपयोग नाय.”

झालं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. बाळा म्हणाला, हौसाबाईची खुडूक कोंबडी मी गाव सोडताना तिच्या माळ्यावर ऐकली. हौसाबाई म्हणाली, माझी कोंबडी ही बघ टोपलीत, तुझं मांजर कुठे आहे ते सांग. मांजर आठवडाभर दिसलंच नव्हतं, तेव्हा ते आत की बाहेर यावर अर्धा तास गेला. मग कुणाची तरी दिव्या, आठवीतली, रडायला लागली. तिचे शोभेचे मासे काचेच्या भांड्यात घरीच राहिले होते. मासे जिते धरायचे की नाही? एक म्हणाला, धरायचे, पोहतात ना. दुसरा म्हणाला, मग व्हाळातल्या माशांनीही गाव सोडायला हवा होता. तिसऱ्याने विहिरीतल्या कासवाचं काढलं. शेवंती उभी राहून हे ऐकत होती. मासे आठवले, कासव आठवलं, मांजर आठवलं. एकालाही माणूस आठवेना.

सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगायचं म्हणजे सगळ्या गावाची तीन रात्रींची तपश्चर्या आपल्यामुळे बुडाली असं कबूल करायचं. वर्षभर कोणी तिच्या घरचं पाणी प्यायला नसता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. 

संध्याकाळी परत कळ्या लावल्या. डावी पडली. निदान एक तरी पडली म्हणून गुरवाला हायसं वाटलं. बाकीचे शिव्या देत खोपींत गेले. शेवंतीने सड्याच्या टोकाला जाऊन नवऱ्याला फोन लावला.

“बाबांचा जेवान संपला असतला,” ती म्हणाली. “काय करू?”

“आता मी हंयसून काय सांगू?” अजय म्हणाला. त्याच्या मागे कोणीतरी जोरजोरात बोलत होतं. “तू बघ. जरा सांभाळून घे.”

सांभाळून घे. लग्न झाल्यापासून हा माणूस तिला दुसरं काही सांगत आलेला नाही. तिने फोन बंद केला आणि कमरेला खोचला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, दुसऱ्याला नुसता धूर दिसतो. इथे तर तोही दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहिवर पडलं होतं, गवत ओलं होतं. कळ्या लावल्या, गंगाराम मिशीत काहीतरी बोलला, लोकांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं, आणि मग पुन्हा तेच. उजवी नाही, डावी नाही. बाळाची सवारी बुडत होती, मुंबईहून आलेल्यांच्या रजा संपत होत्या, पोरांच्या मोबाइलची बॅटरी संपली होती म्हणून आता पोरंही वैतागली होती. ऊन वर आलं. शेवंतीने फणसाकडे बघितलं, कौलांचा तो कोपरा बघितला. मग ती दोन पावलं पुढे झाली.

“माझो सासरो आसा भितूर,” ती म्हणाली.

 गंगारामने कानामागे हात धरला. “कोण?”

“माझो सासरो. भिकाजी गावडे.”

तिला वाटलं, आता हा ओरडणार. सगळे अंगावर येणार. त्याचीच तिने तयारी केली होती. पण गंगारामने बाळाकडे बघितलं, मग परत तिच्याकडे.

“भिकाजी?” तो म्हणाला. “तो अजून आसा?”

“माका वाटला, अजयान तेका मुंबैक नेल्यान,” बाळा म्हणाला.

“माका वाटला तू तेका चेडवाकडे धाडलंस, सावंतवाडीक,” हौसाबाई म्हणाली, आणि तिचं घर तर कुडाच्या पलीकडे.

शेवंतीने एवढी मेहनत करून जुळवलेलं खोटं तिला वापरायची गरजच पडली नव्हती. लोकांनी ते आपलं आपण बनवून घेतलं होतं, आणि पुरते झोपी गेले होते. तिला भयंकर राग आला. कोणाचा ते तिलाही कळेना. गावाचा, म्हाताऱ्याचा, का आपला. चार वर्षं. पहिल्या पावसाळ्यात केळी घेऊन आले होते सगळे, बसले होते, हळहळले होते. दुसऱ्या पावसाळ्यात कोणी आलं नाही, आणि तिने कामाच्या रगाड्यात तेही मोजलं नव्हतं.

“मगे तेका भायर हाडूक होयो,” गुरव म्हणाला.

“हाडूक होयो,” गंगाराम म्हणाला. “पण भितूर जायत कोण? कौल नसताना जावचा म्हणजे...”

“जावक आधी कौल लावया,” कोणीतरी सुचवलं.

“आणि नाय पडली कळी तर?”

यावर सगळे विचारात पडले. शेवंतीने पदर खोचला, चपला काढून सातविणीच्या मुळाशी ठेवल्या आणि साकवावर चढली. मागून गंगारामने हाक मारली. तिने वळून बघितलं नाही.

माणसं उठून गेली की डोंगर खाली उतरतो, हे तिने ऐकलं होतं; बघितलं आज. पाणंदीत गव्यांचे खूर उमटलेले. बाळाच्या पडवीच्या कौलांवर वांदरांचं एक आख्खं कुटुंब बसून पपया खात होतं, आणि तिच्याकडे असं बघत होतं की ही कोण आगंतुक. कोणाच्या तरी खळ्यात शेण पडलं होतं ते गाई-म्हशीचं नव्हतं. पाटाचं पाणी एरवी ऐकू येत नाही, आज ते कानात घुमत होतं. ती जवळजवळ धावतच चढण चढली. दार लोटलं.

“बाबा.”

ती आत शिरली.

“बाबा?”

“कौल पडलो?” मागल्या खोलीतून आवाज आला.

ती मागल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. म्हातारा खिडकीला टेकून बसला होता. ओठांवर पापुद्रे आले होते. एक कळशी आडवी झाली होती आणि जमीन सुकूनही गेली होती. केळ्यांच्या साली एका बाजूला नीट रचून ठेवलेल्या.

“कौल पडलो काय गो?”

“नाय.”

“मगे इलंस कशी? नेम मोडलंस?”

हे ऐकल्यावर मात्र शेवंतीचा तोल गेला. “मी मोडलंय नेम?” ती म्हणाली. “मी? तुमी हंय बसलास म्हणून थंय देव तोंड उघडणा नाय. सगळो गाव सड्यार तळतळता. माझ्या जिवाचो काय जाळ झालो तां माका ठावक. आणि तुमी माका नेम शिकवतास.” ती बोलता बोलता उठली, माठातलं पाणी आणलं, आणि ओरडत ओरडतच त्याला घोट घोट पाजलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि पाणी पिऊन घेतलं.

“परवा गवो इलो होतो खळ्यात,” मग तो म्हणाला. “हो एवढो. खिडकीकडे येवन उभो रवलो. मी बघतंय तेका, तो बघता माका. चार वर्सांत पयलोच कोण तरी घराकडे इलो.”

शेवंतीने आडवी कळशी उचलून उभी केली.

“काय म्हणाले थंय?” त्याने विचारलं. “मी भितूर आसंय म्हणून सांगितल्यार?”

खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. तो अजून आसा, असं म्हणाले. तीन शब्दांचं तर काम. तिने माठाचं झाकण नीट बसवलं.

“गंगाराम म्हणता, भिकाजीक हाडा,” ती म्हणाली. “गाऱ्हाणा भिकाजीनच घालूक होया. तेच्याशिवाय कळी पडूची नाय. सगळेच म्हणतत. वाट बघतत तुमची.”

म्हाताऱ्याने हाताने दाढी चाचपली. मग म्हणाला, “माझा पांढरा शर्ट खंय आसा? आणि टोपी.”

शर्टाला पेटीतल्या कापराचा वास येत होता आणि तो दोन भिकाजी मावतील एवढा मोठा झाला होता. तिने बटणं लावली, टोपी घातली. मग त्याच्यापुढे पाठ करून खाली बसली.

“ह्या काय?”

“बसा. आणि गळ्याक घट्ट धरा.”

“सुनेच्या पाठीर? लोक काय म्हणतले?”

“लोकांनी काय म्हणूचा तां म्हणून झालाहा,” शेवंती म्हणाली. “बसा.”

तिने आयुष्यभर कड्याखालून लाकडाचे भारे आणले होते. म्हातारा त्याहून हलका होता, आणि तेच तिला जास्त जड गेलं. पण लाकडाचा भारा ओरडत नाही. हा प्रत्येक पायरीला कण्हत होता, आणि कण्हता कण्हता भाताच्या कोपऱ्यांकडे बघून सूचना करत होता: हा बांध खचलाय, त्या काजूला कीड लागलीय, पाटाचं तोंड कोणी मेल्याने असं फोडलंय. वांदर कौलांवरून बघत होते. चढण उतरताना तिला एकच भीती होती. तिने म्हाताऱ्याला सांगितलेलं खोटं आता व्हाळाच्या पलीकडे उभ्या असलेल्या शंभर तोंडांवर अवलंबून होतं. त्यातलं एक जरी उघडलं, एक जरी माणूस “अरे, भिकाजी, तू अजून आसस?” म्हणाला, तर संपलं.

सगळा गाव पाण्याच्या काठाला येऊन उभा होता. साकव ओलांडून पुढे यायला कोणीही धजत नव्हता. सीमेपर्यंत हात मात्र पुढे केलेले. म्हणजे अगदी नियमात. शेवंती साकवाच्या फळ्यांवरून एक एक पाऊल टाकत आली. शेवटच्या फळीला बाळाने आणि गुरवाने म्हाताऱ्याला खांद्यांत धरलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत ठेवलं. तिला कंबर सरळ करता येईना. तशीच वाकून ती गंगारामकडे बघत राहिली. त्याने तोंड उघडलं.

“गंगाराम,” भिकाजी त्याच्याआधी म्हणाला. “कळ्यो ताज्यो लाव म्हणून सांग. ह्यो सुकल्यो.”

गंगारामचं तोंड मिटलं. गुरवाने मुकाट्याने कळ्या काढल्या, ओल्या ताज्या लावल्या. भिकाजीने घसा साफ केला. आता आवाज येतो की नाही, याची शेवंतीला धास्ती. तो आला. पहिल्यासारखा नाही, फाटका, पण आला.

“देवा म्हाराजा,” तो म्हणाला, “आज तुझी लेकरा तुझ्या सीमेर उभी आसत, म्हाराजा.”

इथे गावाने उत्तर द्यायचं असतं. पुरुषांनी.  हे गाऱ्हाणं धरायचं की नाही, हेच कोणाला कळत नव्हतं. सगळे गंगारामकडे बघत होते.

“व्हय म्हाराजा,” शेवंती म्हणाली.

बाईमाणसाने हे म्हणायचं नसतं. हौसाबाईने तोंडाला पदर लावला. पण एकदा ते म्हटलं गेल्यावर मागून बाळा म्हणाला, मग पोरं म्हणाली, मग गंगारामही.

“तीन राती म्हणान सांगलंस, आज पाचवो दीस. भुकेली आसत, कंटाळली आसत, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“चुकला-माकला पायाखाली घाल, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“आणि जो कोण भितूर रवलो, तो कोणाक फसवूक रवाक नाय. तेका वाटला, आपणाक कोण माणसात मोजणा नाय, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” अख्खा गाव सवयीने म्हणाला.

म्हणून झाल्यावर ते एकेकाच्या ध्यानात आलं. बाळाने मान खाली घातली. कड्यावरून आवाज परत आला की नाही हे कोणी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात गुरव ओरडला. उजवी कळी पडली होती.

मग काय विचारता. पाच दिवसांचे वैतागलेले लोक. खोपी मोडायला किती वेळ लागतो? दोऱ्या सुटल्या, टोपल्या भरल्या, म्हशी सोडल्या, पोरं साकवावरून धावत सुटली. बाळाने गावातून रिक्षा साकवाच्या पलीकडच्या तोंडाशी आणून लावली. शेवंतीने आपली भांडी पोत्यात कोंबली, कमरेवर हात दाबत म्हाताऱ्यापाशी आली.

“चला बाबा. बाळा थांबलोहा.”

“मी येवचंय नाय.”

तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“हंयच बरा आसा,” भिकाजी म्हणाला. “थंय त्या खोलयेत कोण येता? हंय सगळे आसत.”

त्याला व्हाळात ढकलून द्यावं असं शेवंतीला अगदी मनापासून वाटलं. सकाळपासून पोटात अन्न नाही, पाठीचा पार खुळखुळा झालेला, आणि हा गावडे आता इथून हलत नाही. हातातलं पोतं तिने दाणकन खाली टाकलं. “कोण सगळे?” ती म्हणाली. “बघा वळान. सगळे चलले घराकडे. घटकेभरान हंय काळो कुत्रो रवाचो नाय.”

म्हाताऱ्याने वळून बघितलं. सड्यावर मोडक्या झावळा, विझलेल्या चुली, कागदाचे बोळे. साकवावर पाठमोरी माणसं.

“मगे थंय तरी खंय आसत?” तो म्हणाला.

  बाळाने दोनदा हॉर्न वाजवला. सगळ्यांत शेवटी गंगाराम चालला होता, काखेत वळकटी घेऊन. तो खुर्चीपाशी थबकला.

“चला गे,” तो म्हणाला. “कळी पडली मां?”

“ती तुमका पडली,” शेवंती म्हणाली. “आमका नाय.”

गंगारामने वळकटी या काखेतून त्या काखेत घेतली. “येतंय फाल्या सकाळी भेटूक, भिकाजी,” शेवटी तो म्हणाला आणि साकवाकडे गेला. बाळाने थोडा वेळ वाट बघितली, मग रिकामी रिक्षा वळवली.

शेवंतीने पोत्यातलं पातेलं परत बाहेर काढलं. तीन दगड अजून जागेवर होते. दोन झावळा ओढून आणल्या, मोडल्या, राखेत फुंकर घातली. धूर डोळ्यांत गेला आणि वर चढला, आता कोणीही बघावा असा.

“रातीक कोण कोण रवतले हंय?” म्हाताऱ्याने विचारलं.

“मी,” शेवंती म्हणाली आणि तांदूळ धुवायला घेतले.